फुकटी फुलं

हजेरीमास्तरांना आपली परसबाग तोंडपाठ होती. टोमॅटोची चौदा झाडं, त्यातली दोन आळशी. भेंडीची एक ओळ, कामसू. वांगी बरी होती, पण डोळ्यांत तेल घालून पाहावं लागे, नाहीतर लगेच कीड. काकडीचा वेल थकलेला, पानं भुरकटलेली, आज-उद्या उपटायचा. आणि या सगळ्यांच्या पलीकडे, मागच्या खोलीच्या दाराशी, वेताच्या खुर्चीत बसलेले मेहुणे. त्यांचा उपयोग काय, हे मास्तरांना सात महिन्यांत कळलं नव्हतं.

मास्तरांनी चौतीस वर्षं पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपरचं काम केलं होतं. 'हजेरीमास्तर' हे नाव कामगारांनी ठेवलेलं. पाठीमागे दुसरंही एक नाव होतं. ते फक्त बायकोच्या कानावर आलं होतं आणि तिने ते अजून तरी तोंडातून काढलं नव्हतं. माणूस फाटकातून आत शिरला की आज तो काम करणार की टंगळमंगळ, हे आपण त्याच्या नुसत्या चालीवरून सांगू शकतो असं मास्तर म्हणत. एकदा त्यांनी एका तेलवाल्याला घरी बसवलं होतं. हातात तेलाची झारी घेऊन तो दिवसभर यंत्रांमधून नुसता फिरायचा, मधेच उभा राहून कान देऊन ऐकायचा आणि पुढे जायचा. मास्तरांनी आठ दिवस त्याच्या मागे माणूस लावला, वरती कागद पाठवला, तेलवाला गेला. पुढे दोन महिन्यांत तीन यंत्रं जाम झाली. पण ती दुरुस्ती खात्याची बाब होती, हजेरीची नव्हे. हा किस्सा ते अजूनही अभिमानाने सांगत.

मेहुणे बायकोचे थोरले भाऊ. धंदा पाट्या रंगवण्याचा, म्हणून सगळे त्यांना पेंटर म्हणत. छापील प्लास्टिकच्या पाट्या आल्या, पेंटरांचं काम गेलं, मग भाड्याची खोली गेली. लग्न केलंच नव्हतं. बहिणीने त्यांना चार दिवसांसाठी म्हणून आणलं, आणि ते चार दिवस अजून चालूच होते. मागच्या खोलीत एक खाट, एक ट्रंक, आणि रंगाचे रिकामे डबे. त्या डब्यांना खाली भोकं पाडून त्यांनी झिनिया, सदाफुली आणि गुलबक्षी लावली होती. त्यातलं काहीही शिजत नाही, हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं होतं.

"काय करताय?" मास्तर हातात पाण्याची नळी धरून विचारत.

"बघतोय."

"काय बघताय?"

"ही झिनिया. काल गुलाबी होती, आज विटकरीकडे चाललीय. उन्हाने."

"मग? रंग देणार आहात का तिला?"

पेंटर हसत. हसण्याइतकं त्यांना काहीही पुरे. ते चहा फुरकून पीत, कप विसळत नसत, मास्तरांच्या टॉवेलला हात पुसत, आणि एकच विनोद आठवड्यातून दोनदा सांगत. एका दातांच्या डॉक्टरच्या दारावर त्यांनी पाटी रंगवली होती, 'येथे दात काढले जातील', आणि पुढे महिनाभर येणारे-जाणारे लोक त्या पाटीखाली दात काढत उभे राहत होते. सांगून झालं की सगळ्यात आधी तेच दात काढत. बायकोही हसे. शंभरदा ऐकलेल्या विनोदाला माणूस कसा हसू शकतो, हे मास्तरांना उमगत नसे.

मागची खोली त्यांना हवी होती. फावडं, कुदळ, खताचं पोतं, बियांच्या पुड्या, नळीचं वेटोळं, सगळं जिन्याखाली कोंबलेलं होतं आणि उंदरांनी पुड्या कुरतडल्या होत्या. कामाच्या वस्तू जिन्याखाली आणि बिनकामाचा माणूस खोलीत! जेवताना त्यांनी एकदा हे बोलून टाकलं, तेही मेहुण्यांच्या समोर.

"या घरात प्रत्येकाने काहीतरी उगवावं, एवढंच माझं म्हणणं आहे. बसून खायला ही काय धर्मशाळा आहे?"

बायकोने आमटीच्या पातेल्यावर झाकण आपटलं. "दादाच्या डब्यांतलं एकेक झाड फुललंय. तुमच्या त्या लाल भोपळ्याच्या वेलाने अर्धं अंगण व्यापलंय, रोज दोन बादल्या पाणी पितो, आणि फळ एक नाही. बसून कोण खातंय ते आधी बघा."

घाव वर्मी बसला, कारण गोष्ट खरी होती. वेल तरारून वाढला होता, पानं सुपाएवढी, पण भोपळा मात्र मिळाला नव्हता. किंवा फक्त भोपळाच मिळाला होता, असं पेंटर म्हणाले आणि स्वतःच हसले.

"धरेल," मास्तर दात-ओठ खात म्हणाले. "उन्हाळा अजून संपला नाही."

"मग ऐका." बायको एकदा ठरवून बोलायला लागली की आवाज खाली आणत असे, तसा तिने आणला. "समोरची शाळा उघडेल, त्या दिवशी उन्हाळा संपला. तोवर त्या वेलाला एक जरी भोपळा धरला, तर दादाला मी स्वतः धाकटीकडे पोचवून येते. खोली तुमची. आणि नाही धरला, तर खोली दादाची. मग त्या खोलीचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही."

धाकटी म्हणजे तिची लहान बहीण. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि एकुलती खिडकी समोरच्या भिंतीवर उघडणारी. तिथे गुलबक्षीचा डबा ठेवायलाही जागा नव्हती, उन्हाचं तर नावच नको. हे तिघांनाही ठाऊक होतं.

"दादा, तुला काही म्हणायचंय?"

"मला चालेल," पेंटर म्हणाले आणि ताक मागितलं.

मास्तरांना हाच स्वभाव किळसवाणा वाटे. डोक्यावरचं छप्पर पणाला लागलंय आणि माणूस ताक मागतो!

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी वेलाची तपासणी सुरू केली. ते वेलात उकिडवे बसत आणि एकेक फूल हाताने उचलून पाहत. चौथ्या दिवशी त्यांना चोर सापडला. फुलं दोन जातींची होती. काहींच्या पाठीमागे हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी हिरवी गोळी होती, भोपळ्याची हुबेहूब लहान प्रतिकृती. ही कामाची. बाकीची मात्र लांब बारीक देठावर नुसती तोंड वर करून उभी. मागे गोळी नाही, काही नाही. पिवळीधमक, ऐटबाज आणि पूर्ण रिकामी. आणि अशी किती? कामाचं एक, तर ही दहा.

"फुकटी!" मास्तर आनंदाने ओरडले. "सगळी फुकटी फुलं! वेलाचं सत्त्व हीच खाताहेत."

त्यांना कारखान्याचं फाटक आठवलं, आणि एकदम पंधरा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाणी घालून झालं की ते वेलाभोवती फेरी मारत आणि लांब देठाची प्रत्येक कळी खुडून कोपऱ्यातल्या पालापाचोळ्याच्या ढिगावर फेकत. फुलेपर्यंत वाट पाहायची नाही, कळी दिसली की खलास. नखं पिवळी-हिरवी होत.

"अहो, किती छान दिसत होती ती," बायको म्हणाली.

"नुसतं छान दिसायचा पगार नसतो."

पेंटर एकदा खुर्चीतून उठून जवळ आले. ही घटनाच होती. "भावोजी, एक सांगू का?"

"तुम्ही? बागेबद्दल?"

"ती फुलं राहू द्यावीत असं—"

"का? तुम्हाला सोबत हवी?"

पेंटरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग नेहमीसारखे हसले आणि परत जाऊन बसले. मास्तरांना वाटलं, बरा टोला बसला.

मात्र वेल वठणीवर येईना. गोळीवाली फुलं सकाळी उमलत, दहाच्या आत मिटत, आणि चार दिवसांनी ती गोळी पिवळी पडून, सुरकुतून, बोट लावताच गळून पडे. एक गेली, दुसरी गेली, पाचवी गेली. मास्तरांनी आधी उन्हाला दोष दिला. मातीला भेगा पडल्या होत्या, अकरा वाजता पानं माना टाकत होती, ते खरंच होतं. मग त्यांनी पाण्याला दोष दिला. मग कुणीतरी दिवसभर वेलाकडे टक लावून बसतं, त्याला दोष दिला. आणि खुडणी आणखी कडक केली. आता ते गव्हाच्या दाण्याएवढ्या कळ्याही सोडत नव्हते.

शाळा उघडायला तीन आठवडे उरले असताना एक गोळी गळली नाही. मास्तर रोज तिच्याजवळ जाऊन श्वास रोखून उभे राहत. ती लिंबाएवढी झाली. मग मुठीएवढी. मग तिच्यावर फिकट रेघा उमटल्या, आणि तिच्या भाराने वेल जमिनीला टेकला. मास्तरांनी खाली गवताची चुंबळ करून ठेवली, आणि त्या दिवशी जेवताना मनगटावर घड्याळ नसतानाही मनगट पाहत म्हणाले, "धरला."

पेंटरांनी ताक ओतून घेतलं.

"शिस्त!" मास्तरांना राहवेना. "फुकटे काढले की कामाचे कामाला लागतात. कारखाना असो, वेल असो, घर असो. मेहुणे, तुम्हाला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. काही माणसांच्या पाठीमागे गोळीच नसते, त्याला ती तरी काय करणार?"

पेंटर ताटावरून उठले. थोड्या वेळाने मागच्या खोलीतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. बायको मात्र जागची हलली नाही. तिचे कान लाल झाले होते.

"तुमच्या शिस्तीने धरलाय होय?" ती म्हणाली. "जा, त्याच्या खिडकीत बघून या."

"काय बघू?"

"जा म्हटलं ना!"

मास्तर गेले. आठ महिन्यांत ते त्या खोलीत पहिल्यांदाच शिरत होते. खाटेवर ब्रश जुन्या कापडात गुंडाळून ठेवलेले, ट्रंक उघडी, आणि खिडकीच्या कट्ट्यावर पाणी भरलेला स्टीलचा पेला. त्यात लांब देठांची भोपळ्याची फुलं. त्यांनी स्वतः ढिगावर फेकलेली. कालच्या कळ्या आज सकाळी पेल्यात उमलून आता मिटल्या होत्या.

"हे काय?"

"तुमची फुकटी," पेंटर म्हणाले. ट्रंकेत सदरे ठेवता ठेवता ते बोलत होते. "ती नर असतात, भावोजी. आणि गोळीवाली मादी. नराची भुकटी मादीच्या पोटात पोचली तरच गोळी धरते, नाहीतर गळते. एरवी माशा पोचवतात. पण तुम्ही एकही नर ठेवत नव्हतात, माशा बिचाऱ्या काय आणणार? म्हणून पानांआड सुटून टपोरी झालेली जी तुम्ही फेकायचात, ती मी रात्रीच्या आत उचलून पाण्यात ठेवायचो. सकाळी ती उघडली की जाऊन लावायचो. पाच-सहा वेळा चुकलं. एकदा जमलं."

मास्तरांच्या डोक्यात ते सावकाश उतरलं. दहा फुकट्यांनी सत्त्व खाल्लं नव्हतं. त्यांनीच सगळा वेल उजवायचा होता. आणि आपण महिनाभर, पिवळ्या नखांनी... भ्रमाचा भोपळा असा फुटला की आवाज त्यांनाच ऐकू आला. पण चौतीस वर्षांत त्यांनी कुणापुढे 'चुकलं' म्हटलं नव्हतं, ते आता कुठलं म्हणतात! त्यांना जो राग आला तो भलत्याच गोष्टीचा.

"तुम्हाला अक्कल आहे का हो? फळ धरलं तर तुम्हालाच जायचं होतं!"

"हो. ते लक्षात होतं."

"मग कशाला हे धंदे केलेत?"

पेंटरांनी सदऱ्याची घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "ती मादी फुलं रोज पहाटे उघडायची, भावोजी, एवढी मोठी होऊन. आणि रोज तशीच मिटायची. मी समोरच बसलेला. बघवेना."

मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं फाटकावर दारू पिऊन आलेल्याकडे पाहत. स्वतःच्या हिताचं ज्याला कळत नाही, अशा माणसाकडून त्यांनी कधी काही घेतलं नव्हतं. आणि अशा माणसाच्या हातचा विजय आपण घ्यायचा? पेल्यात फुलं ठेवणाऱ्याच्या?

"सामान काढा ते," ते म्हणाले.

"अं?"

"काढा ट्रंकेबाहेर. हा भोपळा मी धरत नाही."

बायको दारात येऊन उभी होती. "वेलाने धरलाय. तुम्ही धरा नाहीतर सोडा."

"मी धरत नाही म्हणजे तो मोजायचा नाही! तुझ्या दादाचे उपकार घेऊन मला खोली नको. अजून आठ दिवस आहेत. दुसरा धरेल. माझ्या हाताने."

"धरवा," बायको म्हणाली. आणि कुणी मत बदलायच्या आत तिने ट्रंकेतले सदरे काढून खुंटीवर टांगले.

मास्तरांनी खुडणं बंद केलं. पहिल्या भोपळ्याकडे ते फिरकेनात. त्याच्या बुंध्याशी पाणीसुद्धा पेंटरांनीच घातलं. मात्र महिनाभर वेल इतका निर्दयपणे तासला गेला होता की नवे नर लवकर दिसेचनात. चार दिवस नुसती पानं. पाचव्या दिवशी वेलाच्या टोकाला एक गोळीवाली कळी फुगली. सहाव्या दिवशी तिचं तोंड पिवळं झालं, म्हणजे उद्या पहाटे उमलणार. मास्तरांनी नळी खाली ठेवली आणि सगळा वेल पालथा घातला. कुठे काही नाही. मग मोठ्या पानाखाली एक लांब देठ दिसला, टोकाला टपोरी कळी, तीही उद्याचीच. सुटकेचा निःश्वास टाकून ते वळले. दोन पावलं पुढे गेल्यावर त्यांना बोटांना ओलसर काही लागलं. पाहतात तो ती कळी त्यांच्या चिमटीत होती. हाताने आपलं रोजचं काम चोख बजावलं होतं.

ते तिच्याकडे पाहतच राहिले. खुर्चीत पेंटर बसले होते. ते पाहत होते की नव्हते, कुणास ठाऊक. मास्तरांनी कळी परत देठावर टेकवून पाहिली, मग लहान मुलासारखं आपण काय करतोय हे ध्यानात येऊन त्यांचे कान तापले, आणि त्यांनी ती झटकन ढिगावर फेकली. जणू हेच करायला आले होते. आणि ताडताड आत निघून गेले.

पहाटे ते बागेत आले तेव्हा मादी उमलली होती. ताटलीएवढी. तिच्यावर एकही माशी नव्हती, आणि माशी येऊन तरी काय उपयोग होता? त्यांनी ढिगाकडे नजर टाकली. कळी तिथे नव्हती. ती मागच्या खोलीच्या खिडकीत होती. पेल्यात, देठ पाण्यात बुडवून, पूर्ण उघडलेली.

पेंटर गजांशी उभे होते. "लवकर उठलात, भावोजी."

"ऊन बघायला आलोय."

"इथे ऊन साडेआठला येतं. मग ती मिटायला लागते." पेंटर थांबले. "काही हवंय का?"

फक्त 'द्या' म्हणायचं होतं. एकच जोडाक्षर. फूल त्यांच्याच वेलाचं, त्यांनीच खुडलेलं. पण ढिगावरून उचलून या माणसाने ते पेल्यात ठेवलं त्या क्षणी ते त्याचं झालं होतं, आणि आता त्याच्याकडे हात पसरायचा? त्याच्याकडून ते लावायचं कसं हे शिकायचं? मग त्याच्यासमोर उकिडवं बसायचं आणि तो खुर्चीतून सांगणार, असं नाही, तसं?

"तुमच्याकडे काय असणार मला हवं असलेलं," मास्तर म्हणाले.

पेंटरांनी मान हलवली. पेला उचलून त्यांनी गजांमधून बाहेर काढला, खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला, मास्तरांच्या हाताशी, आणि टॉवेल घेऊन अंघोळीला निघून गेले. मास्तरांचाच टॉवेल.

मास्तर एकटेच उरले. पेला हाताशी, मादी चार पावलांवर. बागेत कुणी नाही. घरातून स्टोव्हचा आवाज येत होता, समोरच्या शाळेत कुणीतरी बाकं ओढत होतं. उद्या शाळा उघडणार होती. त्यांनी भेंडीला पाणी घातलं. टोमॅटोची दोन सुकी पानं काढली. पुन्हा येऊन उभे राहिले. ऊन भिंतीवरून उतरून काकडीच्या वेलावर आलं, मग वांग्यांवर, मग भोपळ्याच्या पानांवर. फुलाच्या कडा आत वळू लागल्या. त्यांनी हात पुढे केला तो फुलाकडे नव्हे, नळीकडे. पाकळ्या एकमेकींत गुंतल्या, पिळल्या, आणि नऊच्या सुमाराला तिथे छत्री मिटावी तशी एक पिवळी चोच उरली.

दुपारी तिघं जेवायला बसले.

"आज फूल उमललं होतं म्हणे," बायको वाढता वाढता म्हणाली.

"होतं."

"मग?"

"मिटलं."

तिने भाताचं पातेलं पुढे केलं. मागच्या खोलीचं नावही काढलं नाही. मास्तर मान खाली घालून जेवत राहिले, मेहुण्यांच्या बोलण्याची वाट पाहत. आता हा हसणार, आता भोपळ्यावरून काहीतरी कोटी करणार, निदान दातांच्या डॉक्टरची ती पाटी तरी आणणार. पेंटर काहीच बोलले नाहीत. जेवले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच स्वतःचं ताट उचलून मोरीत नेऊन घासलं.

मास्तरांना त्याचाही राग आला.